दवाखान्याचा खर्च, मुकादमाचे पैसे: गरिबी मोजणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
केंद्रीय सांख्यिकी व कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालय आणि नीती आयोग येथे गरिबीचे आकडे ठरवणारे सर्व अधिकारी व तज्ज्ञ यांस,

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त अन्वेषक आहे, म्हणजे घरोघरी जाऊन सरकारी पाहणीचे प्रश्न विचारणारा. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २००४-०५, २००९-१० आणि २०११-१२ या तीन खर्च-फेऱ्यांत मी बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतली गावं फिरलो. आमच्यात त्यांना एकसष्टावी, सहासष्टावी आणि अडुसष्टावी फेरी म्हणायचे. खांद्याला शबनम, तिच्यात शेड्यूलांचा, म्हणजे छापील प्रश्नावल्यांचा गठ्ठा, फाट्यापर्यंत एसटी आणि पुढं पायी, नाहीतर कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून. तुम्ही ज्या ओळींवरून टक्केवारी काढता, त्यांतल्या काही हजार ओळी माझ्या हातच्या आहेत. त्या ओळींत एक मोठी चूक राहून गेली आहे. ती मला तेव्हाही दिसत होती. आज गरिबी किती उरली यावर देशभर एवढा वाद चालला असताना ती सांगितली नाही, तर मला चैन पडणार नाही.

आपल्याकडे गरिबी कुटुंबाच्या खर्चावरून मोजतात. महिन्याला माणशी किती खर्च झाला ते काढायचं, दारिद्र्यरेषेच्या वर गेला तर गरीब नाही, खाली राहिला तर गरीब. तो खर्च कुणाच्या पैशानं झाला, हे मात्र या हिशेबात कुठेच येत नाही.

मे २०१२ मधली गोष्ट. शिरूर कासार तालुक्यातलं एक गाव. गावाचं नाव लिहीत नाही. माहिती देणाऱ्याची ओळख उघड करायची नाही हा नियम नोकरीत पाळला, तो निवृत्तीनंतरही पाळतो. पत्र्याचं घर, पुढं लिंबाची सावली. घरात पाच माणसं: नवरा-बायको, दोन लेकरं आणि सासू. नवरा-बायको मिळून एक कोयता. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात, आणि एक कोयता म्हणजे एक जोडपं. मंडळी महिन्याभरापूर्वीच फडावरून परतली होती. बाई ज्वारी निवडत बसल्या होत्या आणि मी विचारत होतो. गोडेतेल? "दहा रुपयांचं आणते, लागंल तसं." दहा रुपयांच्या तेलाचे ग्रॅम किती, हे बाईंना विचारून उपयोग नसतो, ते मी सकाळीच गावातल्या दुकानात वजन करून आलो होतो. मग मीठ, हळद, चहापत्ती, साखर, काडेपेटी, रॉकेल. गेल्या तीस दिवसांत किती, विकत किती, घरचं किती. एकेका घरी दोन-अडीच तास सहज जायचे आणि त्या माउल्या चहा केल्याशिवाय उठू द्यायच्या नाहीत.

मग वर्षभराच्या खर्चाचा भाग आला. कपडालत्ता, शाळा, भांडीकुंडी, दवाखान्यातली भरती. हे रोजचे खर्च नसतात, म्हणून त्यांच्यासाठी ३६५ दिवसांची आठवण विचारतात. गेल्या वर्षात कुणी दवाखान्यात भरती होतं का? त्या स्वतःच होत्या. पिशवीचं, म्हणजे गर्भाशय काढण्याचं ऑपरेशन. उसाला जायच्या आधी, भाद्रपदात. खासगी दवाखाना, गाडीभाड्यासकट तीस हजार. मी आकडा लिहायला घेतला तसा त्यांचा सुपातला हात थांबला. म्हणाल्या, "ते बी लिव्हता का सायेब? ते पैशे आमचे न्हाईत. मुकादमाचे हायत."

म्हणजे उचल. हंगाम सुरू होण्याआधी मुकादम, म्हणजे ऊसतोडीची टोळी नेणारा ठेकेदार, कोयत्यामागं एकरकमी पैसे देतो आणि ते ऊस तोडून फेडायचे असतात. दिवाळीच्या सुमारास ट्रकमध्ये बसताना जोडपं आधीच देणेकरी असतं. एखादा दिवस कामावर गेलं नाही तर तो खाडा, आणि खाड्याचे पैसे उलट त्यांच्याच नावावर चढतात. या बाईंनी ऑपरेशन केलं, टाके ओले असतानाच फडावर गेल्या, पाच महिने मोळ्या वाहिल्या, आणि परतल्या तेव्हा उचल फिटलेली नव्हती. बाकी पुढच्या हंगामावर गेली होती.

आता शेड्यूलमधला हिशेब पाहा. घरचा रोजचा खर्च महिन्याला चार हजारांच्या आसपास, म्हणजे माणशी ८००. त्या वर्षी गरिबी मोजण्याची पद्धत ठरवणाऱ्या तेंडुलकर समितीच्या पद्धतीनं महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाची रेषा माणशी महिना ९६७ रुपये होती. ८०० म्हणजे रेषेखाली. पण दवाखान्याचे तीस हजार बारा महिन्यांवर वाटले की महिना अडीच हजार, माणशी ५००. बेरीज १३००. कुटुंब रेषेच्या चांगलंच वर.

ती बाई आजारी पडली नसती तर गरीब ठरली असती. पिशवी काढून, कर्ज काढून, ते फेडण्यासाठी टाके ओले असताना ऊस तोडून ती गरिबीतून "बाहेर" आली. मी नियमाप्रमाणे लिहिलं. तीस हजार. माझ्या सहीनिशी.

तुमच्यातले अनुभवी लोक म्हणतील, खर्चावरून मोजण्यामागं कारण आहे. आहेच, आणि मला ते पटतं. आपल्याकडे उत्पन्न सांगता येण्यासारखं नसतं. शेतकऱ्याला एका वर्षी कापूस होतो, पुढच्या वर्षी बोंडअळी येते. मजुराला आठवडाभर काम असतं, मग पंधरा दिवस नसतं. खर्च त्या मानानं स्थिर असतो आणि सांगताना लोक कमी बिचकतात. कुटुंब अडचणीत उसनं घेतं, बऱ्या दिवसांत फेडतं, म्हणून खर्चावरून त्याची खरी ऐपत कळते, असं पुस्तकात असतं. किराणा दुकानदाराच्या वहीपुरतं ते खरंही आहे. उचलीला ते लागू पडत नाही. उचल फेडायला बरे दिवस येत नाहीत, ती अंगमेहनतीनं फेडावी लागते, आणि पुढच्या वर्षीची मेहनतही आजच गहाण पडलेली असते. तेंडुलकर समितीनं रेषा ठरवताना आरोग्यावर आणि शिक्षणावर लोक खिशातून करतात तो खर्चही धरला होता, हेही मला माहीत आहे. पण रेषेतला दवाखाना सरासरीचा असतो. गावात शंभर घरांत मिळून जो खर्च होतो तो खरं तर चार-पाच घरांवरच कोसळलेला असतो, आणि तीच चार-पाच घरं तुमच्या तक्त्यात सुखवस्तू दिसू लागतात.

ही एका बाईची कहाणी असती तर मी पत्र लिहिलं नसतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, राज्य सरकारनं समिती नेमली, आणि पाहणी केलेल्या ८२ हजारांवर महिलांमध्ये अशी शस्त्रक्रिया झालेल्या तेरा हजारांहून जास्त निघाल्या. या तेरा हजार घरांतला ऑपरेशनचा खर्च खर्चाच्या पाहणीत सापडला असेल, तर तो "उपभोग" म्हणून सापडला असणार.

कर्जाची पाहणी आपण करतच नाही असं नाही. कर्ज आणि गुंतवणुकीची वेगळी अखिल भारतीय पाहणी आहे. २०१९ मधल्या पाहणीत ग्रामीण भागातली ३५ टक्के कुटुंबं कर्जबाजारी आढळली. पण ती पाहणी वेगळ्या वर्षी, वेगळ्या घरांत होते. एका घरी आम्ही खर्च विचारतो आणि दुसऱ्याच घरी कर्ज. दोन्ही सविस्तर प्रश्न एकाच उंबऱ्यावर सहसा भेटत नाहीत.

दुसरी गोष्ट कुलपांची. जानेवारी २०१० मध्ये धारूर तालुक्यातल्या एका गावात घरयादी करायला गेलो. एका वस्तीत शिरलो आणि घरामागून घर कुलूप. दाराला बाहेरून बाभळीची काटेरी फांदी लावलेली, ओट्यावर एखादी म्हातारी, तिच्यापाशी शेजाऱ्यांची दोन-तीन लेकरं आणि एक शेळी. नियम काय सांगतो? सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर असलेला माणूस त्या घराचाच धरायचा. म्हणजे हे लोक गावचेच. पण निवडलेल्या घराला कुलूप असेल आणि माहिती द्यायला कुणीच नसेल, तर त्याच्या जागी दुसरं घर घ्यायचं. दुसरं घर म्हणजे ज्याच्या दाराला कुलूप नाही ते. ज्याला उसाला जावं लागलं नाही ते. आणि तिकडे सांगली, कोल्हापूर, बेळगावच्या फडावर, उसाच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, जी माणसं राहतात, ती तिथं कायमची राहणारी नाहीत म्हणून तिथल्या घरयादीतही येत नाहीत. आम्हाला बदली घर घेण्याची मुभा होती, ती आम्ही वापरली. मुदतीत शेड्यूलं भरून द्यायची असायची आणि वरून फोन यायचे. वर्षभरात कोणत्या महिन्यात कोणतं गाव, हे आधीच ठरलेलं असतं. एखाद्या गावाची पाळी जूनमध्ये आली तर ऊसतोड्या सापडतो, जानेवारीत आली तर सापडत नाही. देशाच्या सरासरीत कदाचित याचा फारसा फरक पडत नसेल. पाटोदा, आष्टी, केज, वडवणी या तालुक्यांच्या चित्रात मात्र पडतो.

आता आकड्यांकडे येतो. त्यांतले काही चांगले आहेत आणि ते मी नाकारत नाही. मी नोकरीला लागलो तेव्हाची गावं आणि आजची गावं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कंदील गेले. बहुतेक घरांत संडास आले, काही ठिकाणी त्यात सरपण भरलेलं असलं तरी आले. पायाला चप्पल नसलेलं पोर आता क्वचित दिसतं. जागतिक बँकेनं जून २०२५ मध्ये अतिगरिबीची रेषा रोजच्या तीन डॉलरवर नेली. (हे डॉलर बँकेत बदलून मिळणारे नव्हेत, क्रयशक्तीच्या हिशेबातले आहेत.) त्या रेषेखाली २०११-१२ मध्ये भारतातले २७.१ टक्के लोक होते, २०२२-२३ मध्ये ५.३ टक्के राहिले. या घटीचा मोठा भाग खरा आहे, मी डोळ्यांनी पाहिला आहे. पण त्याच बँकेची आपल्यासारख्या निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठीची ४.२० डॉलरची रेषा लावली की हेच प्रमाण २३.९ टक्के होतं. १.२० डॉलरचा फरक आणि चौपटीहून जास्त माणसं. म्हणजे या दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात देशाची जवळजवळ पाचवा हिस्सा माणसं दाटीवाटीनं उभी आहेत. एक ऑपरेशन, एक खाड्यांचा महिना, एक बिनपावसाचं वर्ष त्यांना खाली ओढू शकतं. आणि जिथं एवढी माणसं रेषेच्या इतक्या जवळ असतात, तिथं दवाखान्याचे पाचशे रुपये कुठल्या बाजूला धरायचे, हा लहान प्रश्न राहत नाही.

शिवाय २०११-१२ आणि २०२२-२३ ची तुलना सरळ नाही, हे माझ्यासारख्या शेड्यूल भरणाऱ्याला लगेच कळतं. आम्ही एका बैठकीत सगळं विचारायचो. नव्या पाहणीत अन्न, इतर वस्तू-सेवा आणि टिकाऊ वस्तू यांसाठी महिन्याच्या अंतरानं तीन वेगळ्या भेटी होतात, तेही टॅबवर. वस्तूंची यादी ३४७ वरून ४०५ झाली. काही वस्तूंसाठी आता सगळीकडे सात दिवसांची आठवण विचारतात, आमच्या वेळी एका प्रकारच्या शेड्यूलमध्ये तीस दिवसांची विचारायचे. बाईला "गेल्या आठवड्यात भाजी कितीची आणली" विचारलं की ती नीट सांगते. "गेल्या महिन्यात" विचारलं की अंदाजानं कमी सांगते. त्यामुळं नुसत्या विचारण्याच्या पद्धतीनं खर्च वाढलेला दिसतो. नवी पद्धत जास्त चांगली आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मध्ये २०१७-१८ ची पाहणी झाली होती. माझ्यासारख्याच अन्वेषकांनी तीही उन्हातान्हात फिरून केली, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये मंत्रालयानं "माहितीचा दर्जा" हे कारण देऊन तिचे निष्कर्ष प्रसिद्ध न करण्याचं ठरवलं. दर्जा खराब असेल तर तो कुठं खराब आहे ते दाखवून आकडे बाहेर ठेवायचे असतात. अकरा वर्षांच्या साखळीतली मधली कडीच काढून घेतली, तर दोन टोकांमध्ये काय झालं ते कोण सांगणार?

आणि रेषा? तेंडुलकर समितीच्या पद्धतीनं २०११-१२ साठी गावात ८१६ आणि शहरात १००० रुपये महिना ही देशाची शेवटची अधिकृत रेषा. तिच्यावरून २१.९ टक्के गरीब निघाले. रंगराजन समितीनं २०१४ मध्ये ती ९७२ आणि १४०७ वर नेली, तेव्हा प्रमाण २९.५ टक्के झालं. त्या अहवालावर आजवर निर्णय झालेला नाही आणि नवी रेषाही आलेली नाही. दादाभाई नौरोजींनी दीडशे वर्षांपूर्वी हिंदुस्थानचं सरासरी वार्षिक उत्पन्न माणशी वीस रुपये काढलं आणि ते तुरुंगातल्या कैद्याच्या शिध्याशी ताडून पाहिलं. कैद्याला मिळतं तेवढंही लोकांना मिळत नाही, हे त्यांनी आकड्यांनी दाखवलं, आणि ते परक्या सरकारला ऐकवलं. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी पोटाला रोज २२५० उष्मांक मिळायला किती पैसे लागतात ते धरून ग्रामीण भागातले चाळीस टक्के आणि शहरांतले पन्नास टक्के लोक त्याखाली आहेत हे मांडलं. त्यावर केवढी टीका झाली! पण रेषा समोर होती म्हणूनच टीका करता आली. आज भांडायलाही रेषा नाही.

तुम्ही म्हणाल, आता नीती आयोगाचा बहुआयामी गरिबी निर्देशांक आहे. त्याचं मी स्वागत करतो, कारण तो फक्त पैशाकडे पाहत नाही. आरोग्य, शिक्षण, राहणीमान, बारा निकष. त्याच्या हिशेबानं देशातलं गरिबीचं प्रमाण २०१५-१६ मधल्या २४.८५ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये १४.९६ वर आलं, महाराष्ट्रातलं १४.८० वरून ७.८१ वर. पण जानेवारी २०२४ मध्ये नीती आयोगानं नऊ वर्षांत २४.८२ कोटी लोक या गरिबीतून बाहेर आल्याचं सांगितलं, तेव्हा २०१३-१४ आणि २०२२-२३ या दोन्ही टोकांच्या वर्षी अशी पाहणी झालेलीच नव्हती. दुसऱ्या वर्षांच्या पाहण्यांतल्या वेगावरून ते आकडे अंदाजानं काढले होते. अहवालाच्या आत ते लिहिलेलं आहे. जाहिरातीच्या फलकावर ते पोहोचत नाही.

आणि हे बारा निकष माझ्या त्या घराला लावून बघा. बँकेत खातं आहे? आहे, जनधनचं. उचल मात्र हातात रोख मिळते आणि वहीत मुकादम लिहितो. गॅस आहे? गावातल्या घरात आहे. कोपीत पाच महिने चुलीवर पाचट आणि चिपाडं जळतात, आणि धूर त्याच बाईच्या डोळ्यांत जातो. लेकरू शाळेत जातं का? हा निर्देशांक ज्या कुटुंब आरोग्य पाहणीवरून काढतात, तिच्यात प्रश्न असा असतो की या शैक्षणिक वर्षात ते कधीही शाळेत गेलं का. गेलं ना, जून ते दिवाळी गेलं. मग ट्रकमध्ये बसलं. मार्चमध्ये परीक्षेच्या वेळी ते फडावर धाकट्याला सांभाळत होतं किंवा वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, बांधत होतं. निकषाच्या चौकटीत बरोबरची खूण.

विषमतेबद्दल थोडक्यात. खर्चाच्या पाहणीवरून भारताचा गिनी निर्देशांक (जितका कमी तितकी विषमता कमी) २८.८ वरून २५.५ वर उतरला आणि आपण जगातल्या सगळ्यात समान समाजांपैकी एक झालो, असं अभिमानानं सांगितलं गेलं. उत्पन्नाचा आणि करविवरणपत्रांचा आधार घेणारे अभ्यासक २०२२-२३ मध्ये वरच्या एक टक्क्याकडे देशाचं २२.६ टक्के उत्पन्न आणि ४०.१ टक्के संपत्ती असल्याचं सांगतात. दोन्ही एकाच देशाबद्दल आहे. हा फरक कुठून येतो ते मी औरंगाबादेतल्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरातल्या) एका सोसायटीच्या गेटवर शिकलो. नमुन्यात आलेलं घर चौथ्या मजल्यावर होतं. तीन दिवस मी वॉचमनच्या खुर्चीशेजारी उभा राहिलो, इंटरकॉमवर "साहेब मीटिंगमध्ये आहेत" ऐकलं आणि चौथ्या दिवशी बदली घर घेतलं. शिरूरच्या बाईंनी मला तिच्या पोटातलं ऑपरेशन सांगितलं. चौथ्या मजल्यावरच्या साहेबांनी दारही उघडलं नाही. नव्या पाहणीत शहरातल्या घरांचे गट गाडीच्या किमतीवरून पाडायला सुरुवात झाली आहे, ही चांगली सुधारणा आहे. पण गट पाडल्यानं दार उघडत नाही.

या सगळ्याचा परिणाम कुणावर होतो ते रेशन दुकानासमोर कळतं. अन्नसुरक्षा कायद्याखाली महाराष्ट्रात प्राधान्य कुटुंबासाठी, म्हणजे रेशनच्या धान्याला पात्र ठरणाऱ्या कुटुंबासाठी, ग्रामीण भागात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ४४ हजार रुपये ठरली. म्हणजे अख्ख्या कुटुंबाला महिन्याला ३,६६७ रुपये. तुमच्याच २०२३-२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या एका माणसाचा सरासरी मासिक खर्च ४,१२२ रुपये आहे. एका माणसाच्या सरासरी खर्चापेक्षा सबंध कुटुंबाची मर्यादा कमी! मग प्रामाणिक माणसानं दाखला कसा काढायचा? तलाठ्यापुढं उभा राहून त्याला खोटा आकडा सांगावा लागतो, आणि मग त्याच खोटेपणासाठी त्याच्यावर बोगस लाभार्थी म्हणून बोट दाखवलं जातं. आणि किती लोकांना धान्य द्यायचं याचा कोटा अजून २०११ च्या जनगणनेवर बांधलेला आहे. त्यानंतर जन्मलेलं पोर आता मिसरूड फुटायच्या वयात आलं आहे.

माझी मागणी मोठी नाही. खर्चाच्या पाहणीत दवाखान्यातल्या भरतीच्या आणि बाळंतपणाच्या खर्चापुढं एकच रकाना वाढवा: हा पैसा कुठून आला? बचत, मिळकत, नातेवाईक, सावकार, उचल, बचत गट, मायक्रोफायनान्स, दागिने किंवा जनावर विकून. टॅबवर हा प्रश्न विचारायला अर्धा मिनिट लागतो, हे मी शेड्यूल भरलेल्या माणसाच्या अंदाजानं सांगतो. मग गरिबीचे दोन आकडे प्रसिद्ध करा, एक आत्ताच्या पद्धतीनं आणि एक कर्जानं झालेला दवाखाना वगळून. दुसरा आकडा किती मोठा निघेल ते मला माहीत नाही, आणि तुम्हालाही नाही. म्हणूनच तो काढायला हवा. बदली घेतलेल्या घरांची संख्या, महिना आणि तालुक्यासकट, पाहणीच्या अहवालातच छापा. नोव्हेंबर ते मार्च साखर कारखान्यांच्या पट्ट्यातल्या कोप्यांची वेगळी घरयादी करा; कुठल्या ऊस-विभागात तोडणीच्या किती टोळ्या आहेत ते कारखान्याच्या शेतकी खात्याला रोज माहीत असतं, कारण तोडणीचं बिल त्यावर निघतं. आणि रंगराजन अहवाल स्वीकारा किंवा नाकारा, पण लेखी कारण देऊन एक अधिकृत रेषा देशापुढं ठेवा. ती कमी वाटली तर आम्ही भांडू.

शेवटी एक विनंती. आमच्या शेड्यूलमध्ये अन्वेषकाच्या शेऱ्यासाठी जागा असायची. त्या दिवशी संध्याकाळी फाट्यावर एसटीची वाट बघत मी तिथं लिहिलं होतं: "वैद्यकीय खर्च रु. ३०,००० हा ऊसतोडणीच्या उचलीतून. रक्कम अद्याप देणे." मी असे शेरे बऱ्याच घरांच्या शेड्यूलांवर लिहिले आणि माझे सहकारीही लिहायचे. पर्यवेक्षक ते तपासताना वाचायचे. पण शेऱ्याला कोड नसतो, म्हणून तो संगणकात जात नाही आणि तक्त्यात उतरत नाही. जुन्या फेऱ्यांची ती कागदी शेड्यूलं कुठल्या गोदामात अजून शिल्लक असतील, तर त्यांतली शेऱ्यांची पानं कुणाला तरी वाचायला द्या. मला बोलावलंत तर मी येईन. माझं अक्षर मला लागेल.

आपला,
एक निवृत्त अन्वेषक
जि. बीड